संक्रांतीच्या हळदी-कुंकवाला घरात ट्यूलिप फुलतील का?

ताई, आधी तुमचा प्रश्न थोडक्यात परत लिहितो, म्हणजे नंतर वाचणाऱ्यांनाही कळेल कशावर बोलायलोय. तुम्ही लातूरला फ्लॅटमध्ये राहता, मागच्या डिसेंबरात ऑनलाइन मागवलेले दहा ट्यूलिप, चार हायसिंथ आणि तीन अमॅरिलिसचे कंद शेतातल्या काळ्या मातीत लावून कुंड्या थेट हॉलमध्ये टीव्हीशेजारी ठेवल्या. ट्यूलिपला दोन-तीन पानं आली, पिवळी पडली, संपलं. हायसिंथचे दोन कंद सडले आणि उरलेल्या दोघांचं फूल पानांच्या बुडातच अडकून तसंच उमललं. अमॅरिलिसला नुसती पानं आली, ती झाडं अजून गॅलरीत आहेत. आता ऑक्टोबर लागलाय, येत्या संक्रांतीच्या हळदी-कुंकवाला तुम्हाला हॉल फुललेला पाहिजे, आणि विचारताय की नवीन कंद आणले तर फ्रीजरमध्ये ठेवायचे, एसीच्या खोलीत ठेवायचे का कुंडीत रोज बर्फाचे तुकडे टाकायचे.

तिन्ही नको. फ्रीजरमध्ये कंदाच्या आतलं पाणी गोठतं, पेशी फुटतात आणि बाहेर काढला की कंद पिलपिला होतो. एसी १६ डिग्रीच्या खाली सहसा जात नाही आणि ट्यूलिपच्या हिशोबानं १६ डिग्री म्हणजे थंडीच नाही. बर्फानं माती तासभर गार होते, नंतर नुसती ओली राहते आणि ओल्या मातीत काय होतं ते तुमच्या हायसिंथनं दाखवलंय.

माझी परभणीत नर्सरी आहे, हिवाळी कंदांचं काम बऱ्याच वर्षांपासून करतोय आणि घरातही दर हिवाळ्यात कुंड्या असतातच, त्यावरून सांगतो. काही गोष्टी तुमच्या घराच्या दिशेवर, फ्रीजमधल्या जागेवर आणि विकणाऱ्यानं कंद कसे ठेवले होते त्यावर अवलंबून आहेत, त्या जिथं येतील तिथं सांगतो. पण मूळ अडचण तारखेची आहे. कुठल्या कंदाला किती आठवडे थंडी लागते आणि त्यानंतर फुलायला किती आठवडे लागतात हे संक्रांतीपासून मागं मोजत यावं लागतं, आणि ते मोजल्यावर निम्मे कंद आपोआप यादीतून गळतात. जे उरतात ते आपल्या घरात छान फुलतात.

आता थंडी कशाला लागते ते बघा. ट्यूलिप मूळचा मध्य आशियाच्या डोंगराळ भागातला, तिथं उन्हाळा कोरडा आणि गरम, हिवाळा बर्फाचा. उन्हाळ्यात कंद जमिनीत नुसता पडून असतो पण तेवढ्या काळात त्याच्या पोटात पुढच्या वर्षीची कळी तयार होते. म्हणजे तुम्ही विकत घेतलेल्या चांगल्या कंदात फूल आधीच बसलेलं असतं, ते तुम्हाला बनवायचं नसतं, फक्त बाहेर काढायचं असतं. थंडीच्या आठवड्यांत आतल्या स्टार्चची साखर होते आणि दांडा लांबवणारी संप्रेरकं कामाला लागतात. थंडी मिळालीच नाही तर कळी आतच सुकते आणि नुसती पानं येतात, हे तुमच्या ट्यूलिपचं झालं. अर्धवट मिळाली तर फूल येतं पण दांडा वाढत नाही, ते पानांच्या बेचक्यात अडकतं, हे हायसिंथचं झालं. त्यामुळं तुमच्या हाताला यश नाही वगैरे जे लिहिलंय ते मनातून काढा, कंदांनी त्यांना जे मिळालं त्याप्रमाणंच केलं.

तुम्ही म्हणाल आपल्याकडं थंडी पडते की. पडते, आमच्या परभणीत तर डिसेंबर-जानेवारीत कृषी विद्यापीठाचा किमान तापमानाचा आकडा पेपरात येतो तेव्हा तो कधी कधी १० च्या खूप खाली असतो. पण तो पहाटेचा आकडा आहे. दुपारी तेच तापमान २८-२९ ला जातं, आणि कंदाला लागते ती सलग थंडी, दिवसरात्र साधारण ४ ते ९ डिग्री, तीही कित्येक आठवडे. रात्री मिळालेली थंडी दुपारी वाया जाते. दिल्लीत शांतिपथाच्या कडेला फेब्रुवारीत ट्यूलिप फुललेले दिसतात म्हणून लोकांना वाटतं मैदानी भागातही जमतं, पण ते कंद आधीच थंडी दिलेले असतात, बाहेरून मागवतात, आणि दिल्लीचा हिवाळा आपल्यापेक्षा कितीतरी कडक. आपल्याकडं ही थंडी फक्त फ्रीज देऊ शकतो. माळवदाच्या जुन्या घरात आतली खोली गार लागते, जाड भिंतींमुळं तिथं तापमान फार वरखाली होत नाही, पण तीही एवढी गार नसते. तिचा उपयोग वेगळा आहे, तो पुढं सांगतो.

तर आता हिशोब. ट्यूलिपला १२ ते १६ आठवडे थंडी, मी १४ धरतो. त्यानंतर लावल्यापासून फूल यायला आपल्याकडं आणखी ४ ते ५ आठवडे. आज ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात कंद फ्रीजमध्ये गेले तर बाहेर निघतात जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात आणि फुलतात फेब्रुवारीच्या मध्यात. संक्रांत गेली, बहुतेक वर्षी रथसप्तमीही गेली. शिवाय फेब्रुवारीच्या मध्यापासून लातूरला दुपारी पारा तिशीच्या वर जायला लागतो आणि तेवढ्या उष्णतेत उमललेला ट्यूलिप दोन-तीन दिवसांत पाकळ्या टाकतो. ट्यूलिप जानेवारीत पाहिजे असेल तर कंद ऑगस्टच्या शेवटी किंवा सप्टेंबर लागताच फ्रीजमध्ये जायला पाहिजेत, आणि आपल्याकडं बहुतेक विक्री ऑक्टोबर-नोव्हेंबरात होते, इथंच सगळ्यांची गाडी चुकते. म्हणून विकणाऱ्याला फोन करून दोन गोष्टी विचारा, हे कंद किती आठवडे आणि किती डिग्रीला ठेवलेत. नीट उत्तर मिळालं, समजा आठ आठवडे ५ डिग्रीला, तर ते आठवडे तुमच्या हिशोबात धरा, आणि कंद घरी आल्याबरोबर परत फ्रीजमध्ये टाका, कारण मध्ये आठ-पंधरा दिवस गरम कपाटात राहिले तर आधीची थंडी बऱ्याच अंशी निष्फळ होते. उत्तर "सर एकदम बेस्ट क्वालिटी आहे" असं मिळालं तर थंडी शून्य धरा.

हायसिंथ जास्त सोयीचा. त्याला १० ते १२ आठवडे पुरतात आणि नंतर ३-४ आठवड्यांत तो फुलतो. या आठवड्यात फ्रीजमध्ये ठेवला तर डिसेंबरच्या दुसऱ्या पंधरवड्यात लावता येईल आणि जानेवारीच्या मध्यापासून शेवटापर्यंत कधीतरी फुलेल. हळदी-कुंकू रथसप्तमीपर्यंत चालतं, त्यामुळं तुम्ही संक्रांतीच्या दिवशीच करायचा आग्रह न धरता शेवटच्या आठवड्यात ठेवलंत तर हायसिंथ मिळू शकतो. एका हायसिंथचा वास अख्ख्या हॉलला पुरतो, दोन-तीन ठेवले तरी बायका दारातच विचारतील हे काय आहे म्हणून.

फ्रीजमध्ये कसे ठेवायचे हे नीट वाचा कारण निम्मे कंद इथंच वाया जातात. कागदी पिशवीत ठेवा, पिशवीला पेनानं चार-सहा भोकं पाडा, प्लास्टिकमध्ये अजिबात नको, आत घाम सुटून बुरशी येते. जागा भाजीच्या ट्रेमध्ये किंवा खालच्या कप्प्यात, मागच्या भिंतीला चिकटून नको कारण तिथं कधी कधी बर्फ धरतो. आणि सगळ्यात महत्त्वाचं, त्या फ्रीजमध्ये सफरचंद, केळी, पेरू, सीताफळ, टोमॅटो असलं पिकणारं काही नको. पिकणारी फळं इथिलीन नावाचा वायू सोडतात आणि तो कंदाच्या पोटातली कळी मारून टाकतो, बाहेरून कंद टणटणीत दिसतो आणि तीन महिन्यांनी नुसती पानं येतात, मग लोक म्हणतात थंडी देऊनही फुललं नाही. ऑक्टोबर-नोव्हेंबर म्हणजे घराघरात सीताफळं असतात, दिवाळीला फळांच्या पेट्या येतात, तेव्हा फळं बाहेर काढायला जमत असेल तरच कंद फ्रीजमध्ये ठेवा, नाहीतर त्या पैशाचं दुसरं काहीतरी घ्या. घरात जुना लहान फ्रीज पडून असेल तर फारच छान. लाईट जाण्याची काळजी करू नका, दोन-चार तास लाईट गेली तर दार उघडू नका म्हणजे झालं. पंधरा दिवसांतून एकदा कंद हातात घेऊन बघा, मऊ पडलेला, बुरशी आलेला बाजूला काढा. पिशवीवर मोठ्या अक्षरात लिहा "खायचे नाहीत" आणि तारीख टाका. हायसिंथ अगदी कांद्यासारखा दिसतो आणि घाईच्या स्वयंपाकात कुणीतरी चिरून टाकेल. १९४४-४५ च्या हिवाळ्यात हॉलंडमध्ये उपासमारीमुळं लोकांनी ट्यूलिपचे कंद शिजवून खाल्ले होते हे खरं आहे, पण ते मधला कोंब काढून, नाइलाजानं. आज विकत मिळणाऱ्या कंदांना बुरशीनाशकं लावलेली असतात आणि हायसिंथ, नार्सिसस (नर्गिस) यांचे कंद तर विषारीच. हायसिंथ हाताळताना ग्लोव्हज घाला, नाहीतर हाताला खाज सुटते.

आता तुमच्या हातात जे आहे त्याकडं येतो, आणि माझ्या मते तुमचा हळदी-कुंकवाचा हॉल यावरच उभा राहणार आहे. गॅलरीतले ते तीन अमॅरिलिस. हे दक्षिण अमेरिकेतलं उष्ण भागातलं झाड, याला बर्फाळ थंडी नको, फ्रीज नको, फक्त विश्रांती लागते, आठ ते दहा आठवडे कोरडी विश्रांती. टोपलीतला कांदा काही दिवस गप्प असतो आणि मग पाणी न घालताही कोंब काढतो, साधारण तसंच. आपल्याकडं ही विश्रांती आपोआप थंडीत होते, म्हणून घरोघरी अमॅरिलिस मार्च-एप्रिलमध्ये फुलतं, उन्हाळा लागताना. आपल्याला ते दीड-दोन महिने अलीकडं आणायचंय. आजच पाणी बंद करा. कुंडी परतीच्या पावसात भिजणार नाही अशा ठिकाणी, सावलीत सरकवा. पानं हळूहळू पिवळी पडतील, पूर्ण वाळली की मगच कापा, हिरवी पानं कापायची घाई करू नका कारण त्यातलं अन्न कंदात उतरत असतं. नोव्हेंबरच्या शेवटी कंद काढून बघा, कुजलेली मुळं काढा, चांगली जाड पांढरी मुळं तशीच ठेवा, आणि नव्या मातीत लावा. कुंडी कंदापेक्षा दोन बोटं मोठी, जास्त नको, कंदाचा वरचा तिसरा हिस्सा मातीच्या वर उघडा. एकदा पाणी द्या आणि कोंब दिसेपर्यंत जवळपास काहीच नको.

इथून पुढं याला उब पाहिजे. हे उलटं वाटेल पण ट्यूलिपला जितकी थंडी तितकी अमॅरिलिसला उब. डिसेंबरातल्या गार रात्री कुंडी गॅलरीत राहिली तर दांडा हळू वाढतो आणि संक्रांत निघून जाते. किचनमध्ये ओट्याच्या वरची फळी, फ्रीजच्या वरची जागा, दक्षिणेची उन्हाची खिडकी, असं काहीतरी शोधा. कोंब निघाला की मात्र उजेड पाहिजे, नाहीतर दांडा लांबडा होऊन कलतो, आणि कुंडी रोज थोडी फिरवत जा कारण तो उजेडाकडं झुकतो. उबेत लावल्यापासून ६ ते ८ आठवड्यांत फूल, म्हणजे जानेवारीच्या मध्यापासून शेवटापर्यंत. फुललं की उबेतून काढून गार खोलीत ठेवा, फूल जास्त दिवस टिकतं. तुमच्या सासरी माळवदाचं घर असेल किंवा घरात उत्तरेची बिनउन्हाची खोली असेल तर रात्री तिथं ठेवा, मी म्हटलं होतं तिचा उपयोग हा.

मागच्या वर्षी याला फूल का आलं नसेल? दोन शक्यता. एक म्हणजे कंद लहान असेल, घेर २० सेंटिमीटरच्या आत असेल तर बहुधा नुसती पानंच येतात. दुसरं, मागचा पावसाळा त्यानं कुणाच्या तरी अंधाऱ्या गोदामात काढला असेल. अमॅरिलिसच्या कंदात साधारण चार पानांमागं एक कळी तयार होते, म्हणजे या पावसाळ्यात तुमच्या गॅलरीत जितकी पानं चांगली वाढली तितकी आता फुलाची आशा. पानं भरपूर आणि रुंद आलीयत असं तुम्ही लिहिलंय, ते फार चांगलं लक्षण आहे. तरी तिन्हींवर अवलंबून राहू नका, विश्रांती झालेले दोन मोठे कंद नोव्हेंबरात विकत घ्या आणि पंधरा नोव्हेंबरच्या आसपास लावा. त्यांचं आधीच झोपून झालेलं असतं. मोठ्या घेराचा कंद महाग असतो पण कधी कधी दोन दांडे देतो, एकेका दांड्यावर तीन-चार फुलं, तिथं पैसे वाचवू नका.

दुसरा कंद पांढऱ्या पेपरव्हाइट नार्सिससचा, आपल्याकडं नर्गिस म्हणूनही विकतात. यालाही थंडी लागत नाही, मातीही लागत नाही. काचेच्या पसरट भांड्यात धुतलेले गोटे भरा, कंद गोट्यांत अर्धे बसवा, एकमेकांना खेटून बसवले तरी चालतं, आणि पाणी कंदाच्या बुडाच्या किंचित खाली ठेवा. बूड पाण्यात बुडालं तर सडलं. पहिले दहाएक दिवस गार आणि कमी उजेडाच्या जागी, मुळं गोट्यांत उतरली की भरपूर उजेडात. ५-६ आठवड्यांत फुलतो, म्हणजे डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात बसवा. उजेड कमी पडला की हे सगळे एका बाजूला लोळतात, तेव्हा मधोमध दोन काड्या खोचून सुतळीचा एक वेढा द्या. वास उग्र असतो, काहींचं डोकं दुखतं, म्हणून बायका बसणार तिथून लांबच्या कोपऱ्यात. घेताना एवढं बघा की पेपरव्हाइटच आहे, पिवळा मोठा डॅफोडिल नाही, डॅफोडिलला ट्यूलिपइतकीच थंडी लागते.

तिसरं, आणि सगळ्यात स्वस्त, ग्लॅडिओलस. हे घरात वाढवायचं झाड नाही, उन्हातच होतं, पण तुमच्या गॅलरीत सकाळचं ऊन येतं म्हणता तर खोल कुंडीत या आठवड्यात कंद लावा, जातीप्रमाणं ८०-९० दिवसांत दांडे येतात, म्हणजे डिसेंबरच्या शेवटापासून जानेवारीच्या सुरुवातीपर्यंत. आठ-दहा दिवसांच्या अंतरानं दोन वेळा लावा म्हणजे एखादी खेप तरी तारखेला सापडेल. खालच्या एक-दोन कळ्यांना रंग दिसला की दांडा सकाळी कापा आणि फ्लॉवरपॉटमध्ये ठेवा, वरच्या कळ्या पुढं एकेक करून उमलत जातात. फ्रीसिया, रॅननक्युलस, अ‍ॅनिमोन हेही आता लावता येतात पण ते फेब्रुवारीत येतात, तुमच्या कामाचे नाहीत. निशिगंध थंडीत मंदावतो, तो बाजारातून आणलेलाच बरा. आणि केशर, कारण त्याबद्दलही तुम्ही विचारलंय, त्याचे कंद ट्रेमध्ये मातीशिवाय फुलतात हे खरं आहे पण त्याला खोलीचं तापमान आणि आर्द्रता ठरलेल्या टप्प्यांनी सांभाळावी लागते, तो शोभेचा प्रकार नाही, ते वेगळं काम आहे.

माती. काळी माती शेतात सोनं आहे, कुंडीत कंदाला नको. पाणी धरून ठेवते, वाळली की दगड होते आणि कंदाच्या बुडाला हवा मिळत नाही. दोन भाग धुतलेलं कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा), एक भाग नदीची जाड वाळू, एक भाग गांडूळखत, एवढं पुरे. कोकोपीट दोन-तीन पाण्यातून धुवून घ्या, त्यात क्षार असतात. खत जास्त नको कारण या हंगामाचं अन्न कंदात आधीच भरलेलं आहे, फक्त अमॅरिलिसला फूल गेल्यानंतर पानांच्या काळात खत द्या. लावण्याआधी कंद लिटरला २ ग्रॅम कार्बेन्डाझिम या बुरशीनाशकाच्या पाण्यात अर्धा तास बुडवून सावलीत सुकवले तर सड बरीच टळते.

पाण्याचं आपल्याकडं विशेष सांगावं लागतं. लातूरला बोअरचं पाणी असेल तर कुंडीच्या काठावर पांढरा थर येतो तो तुम्ही बघितलाच असेल, ते क्षार काचेच्या भांड्यातल्या मुळांना फार लवकर त्रास देतात. नर्गिसच्या भांड्यात फिल्टरचं प्यायचं पाणी घाला, कितीसं लागतं, वाटीभर. आणि आरओ मशीनमधून जे वाया जाणारं पाणी निघतं ते पाणी वाचवायचं म्हणून झाडांना घालतात, आपल्या भागात पाण्याची किंमत सगळ्यांना माहितीये त्यामुळं ती सवय मला पूर्ण समजते, पण त्यात क्षार आणखी दाटलेले असतात. ते फरशी पुसायला वापरा, कंदांना नको.

आता सजावटीचं, कारण तुम्ही मुळात तेच विचारलंय. टीव्हीशेजारी कुंडी वाढवू नका. तो कोपरा दिवसभर अंधारा आणि टीव्हीमागून गरम हवा. माझी पद्धत अशी की झाड वाढतं गॅलरीत किंवा खिडकीत, साध्या प्लास्टिकच्या कुंडीत, आणि कळीला रंग दिसला की मगच हॉलमध्ये येतं, तेही दिवसभर नाही, संध्याकाळी पाहुणे यायच्या आधी. रात्री परत बाहेर. हे थोडं कष्टाचं आहे पण फूल दीडपट तरी जास्त टिकतं, विशेषतः तुमचा हॉल पश्चिमेला आहे आणि दुपारनंतर स्लॅब तापतो म्हणून. फॅन लावलाच तर झाडाच्या थेट समोर नको.

प्लास्टिकची कुंडी झाकायला तुमच्याकडं असलेलं पितळी घंगाळ, तांब्याचा हंडा, जुनी परात, काहीही चालतं, कुंडी त्यात ठेवायची, माती थेट त्यात भरायची नाही कारण पाण्याला वाट नसते आणि तांबं-पितळ ओल्या मातीत मुळांना बाधतं. कडेला वाळूचा थर टाकून वर बारीक गोटे. हायसिंथ एकेकटा ठेवण्यापेक्षा एका पसरट कुंडीत तीन जवळजवळ लावा, तिन्ही एकाच रंगाचे. अमॅरिलिस मात्र एकटाच जमिनीवर किंवा पाटावर ठेवा, तो उंच असतो, टेबलावर ठेवला तर फूल कपाळाला लागतं. हिमरूची शाल किंवा पैठणीचा पदर खाली अंथरायचा असेल तर मध्ये ताट ठेवा, कुंडीच्या पाण्याचा डाग कापडावरून जात नाही. आणि सुगडं मांडताना ऊस, हरभऱ्याचे घाटे, गव्हाच्या ओंब्या कुंडीच्या शेजारी खुशाल ठेवा, फार सुंदर दिसतं, पण केळी-सफरचंदाची टोपली खोलीच्या दुसऱ्या टोकाला, मघाशी सांगितलेला तोच इथिलीन उमललेली फुलंही लवकर उतरवतो.

तरीही तुम्हाला ट्यूलिप करायचाच असेल, आणि मला कळतं की एकदा मनात बसला की बसतो, तर पाच-सहाच कंद घ्या आणि फेब्रुवारीची तयारी ठेवा. १४ आठवडे पूर्ण झाल्याशिवाय बाहेर काढू नका. फ्रीजमध्ये जागा असेल तर शेवटचे तीन-चार आठवडे लहान कुंडीत लावून कुंडीसकट आत ठेवा, मुळं थंडीतच धरतात आणि पुढचं काम सोपं होतं. १५ सेंटिमीटरच्या कुंडीत पाच-सहा कंद बसतात, टोक मातीच्या बरोबरीनं, आणि कंदाची जी चपटी बाजू असते ती कुंडीच्या भिंतीकडं करा, पहिलं मोठं पान तिकडूनच निघतं आणि कुंडीच्या कडेवरून बाहेर पडतं, मधे फुलांची गर्दी होत नाही. बाहेर काढल्यावर रात्री गॅलरीत उघड्यावर, दिवसा उत्तरेच्या सावलीत, कुंडी ओल्या वाळूच्या परातीत ठेवायची, हिवाळ्यात आपली हवा कोरडी असते त्यामुळं बाष्पीभवनानं माती दुपारीही बरीच गार राहते. फुलून गेल्यावर तो कंद आपल्याकडं पुन्हा फुलत नाही, त्याला जपत बसू नका. मागच्या वर्षीचे जे दहा तुम्ही मातीत तसेच ठेवलेत तेही काढून कंपोस्टमध्ये टाका.

ऑनलाइन ट्यूलिपचं "बी" विकतात, ५० बियांचं पाकीट, निळी-इंद्रधनुषी फुलं दाखवतात, ते घेऊ नका. खरं बी असलं तरी त्यापासून फूल यायला पाच ते सात वर्षं लागतात तीही थंड प्रदेशात, आणि तसा गडद निळा ट्यूलिप नसतोच.

घरात मांजर असेल तर ते मात्र कळवा. तुम्ही शेवटी एशियाटिक लिली लावू का असं विचारलंय, लिली मांजरीला जीवघेणी असते, नुसते पराग अंगावर पडून चाटले तरी किडनी जाते, त्यामुळं मांजर असेल तर लिली नाहीच. नसेल तर थंडी दिलेले कंद घेऊन या महिन्यात खोल लावा, जानेवारी-फेब्रुवारीत येतील.

आता तुम्ही एवढं करा, अमॅरिलिसच्या तिन्ही कंदांभोवतीची थोडी माती बाजूला करून शिवणकामाच्या टेपनं घेर मोजा, आणि तुमच्या किचनची खिडकी कुठल्या दिशेला आहे ते लिहा. घेर कळला की तीनपैकी कुणावर भरवसा ठेवायचा ते सांगतो, मग नोव्हेंबरात नवीन किती घ्यायचे ते ठरवू.